पाणबुडी चांगली होती

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. साईटवरून तिसऱ्यांदा पंप परत आला आणि साहेबांनी रिपोर्टवर 'ऑपरेटरची चूक' लिहून सही करायला सांगितलं, हे वाचून मला हसू आलं. हेच दोन शब्द मीही एकदा लिहिले होते. ते पुढे सांगतो, आधी पाणबुडीची गोष्ट ऐक. म्हाताऱ्याचा हा नाद तुला ठाऊकच आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने गाटो वर्गाच्या, म्हणजे एकाच नमुन्याच्या, 77 पाणबुड्या बांधल्या. बहुतेक सगळ्यांना माशांची नावं. लांबी 311 फूट. पाण्यावर वेग 21 नॉट, म्हणजे तासाला 21 सागरी मैल, पाण्याखाली जेमतेम 9. म्हणजे बहुतेक वेळ पाण्यावरून धावायचं आणि गरज पडली की बुडी मारायची, असा सगळा हिशेब. तुझ्यासारख्याने बघावी ती तिची इंजिनं. चार डिझेल इंजिनं, पण एकही प्रोपेलरला थेट जोडलेलं नाही. इंजिनांनी फक्त जनरेटर फिरवायचे, प्रोपेलर फिरवायच्या त्या विजेच्या मोटारी. मग दोन इंजिनांवर बोट चालवा, दोनांवर बॅटऱ्या भरा, एखादं खोलून दुरुस्त करत बसा, प्रवास थांबत नाही. पल्ला 11,000 सागरी मैल. हवाईहून निघायचं, जपानच्या दाराशी आठवडेच्या आठवडे दबा धरायचा आणि परत यायचं. पॅसिफिकच एवढा अवाढव्य, की बोटीचं ड्रॉइंग निम्मं त्यानेच काढलं म्हण ना.

आत वातानुकूलन होतं. लोकांना ती अमेरिकन चैन वाटते. पण बंद नळकांड्यात साठ-सत्तर माणसांच्या घामाची आणि श्वासाची वाफ विजेच्या पॅनेलवर पाणी होऊन ओघळायची आणि शॉर्ट सर्किट व्हायचे. गारवा मुख्यतः वायरिंगसाठी होता, माणसांना तो फुकटात मिळाला. काही बोटी तर मिशिगन सरोवराकाठी मॅनिटोवॉकला बांधल्या. समुद्र तिथून शेकडो मैल लांब! नदीत आडव्या ढकलून पाण्यात उतरवायच्या आणि मिसिसिपीतून समुद्राला न्यायच्या.

तर अशी ही बोट. टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाज फोडणारं अस्त्र, सोडायला पुढे सहा नळ्या, मागे चार, आणि पोटात असे 24 टॉर्पेडो. आणि तो टॉर्पेडोच, मार्क 14, फुसका निघाला.

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि कप्तान परत येऊन सांगू लागले: नेम बरोबर होता, पण काही झालं नाही. वॉशिंग्टनच्या शस्त्रास्त्र विभागाचं उत्तर ठरलेलं. नेम चुकला असेल, देखभाल नीट नसेल. म्हणजे तुझ्या साहेबांचंच उत्तर. त्या काळात अनेक कप्तानांना बोटीवरून उतरवलं. काही खरंच कच्चे होते. सगळे नव्हते.

जून 1942 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲडमिरल चार्ल्स लॉकवुडने मासे धरायचं एक जाळं आणवलं, समुद्रात सोडलं आणि त्यावर टॉर्पेडो डागले. जाळ्याला भोक कुठे पडलं ते मोजायचं, बस. 10 फुटांवर लावलेला टॉर्पेडो 25 फुटांवरून गेलेला! लावलेल्या खोलीपेक्षा सरासरी 11 फूट जास्त खोल धावत होते, म्हणजे जहाजाच्या बुडाखालून. कारखान्यात चाचणी घेताना पुढचं डोकं हलकं असायचं, लढाईतलं स्फोटक भरलेलं डोकं जड. जी वस्तू तपासली ती डागलीच नव्हती, जी डागली ती तपासली नव्हती. टॉर्पेडो महाग, म्हणून खरे फोडून बघायला कुणी तयार नव्हतं. विभागाने आधी लॉकवुडची चाचणीच नाकारली आणि ऑगस्टमध्ये चूक मान्य केली.

खोली सुधारली तशी दुसरी खोड वर आली. जहाजाचं चुंबकत्व ओळखून फुटणारी यंत्रणा कधी आधीच फुटायची, कधी फुटायचीच नाही. जून 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या अमेरिकन आरमाराचा प्रमुख ॲडमिरल निमिट्झने ती बंद करायला लावली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल तळाच्या ॲडमिरल क्रिस्टीने मात्र आपल्या बोटींवर ती पुढे कित्येक महिने चालूच ठेवली. का माहीत आहे? ती घडवण्यात त्याचा स्वतःचा हात होता. मी त्याला फार नावं ठेवत नाही. स्वतःच्या ड्रॉइंगवर कुणाचा जीव नसतो?

आता खरी मजा. जुलै 1943. गाटो वर्गाचीच टिनोसा, कप्तान डॅस्पिट. समोर तोनान मारू 3 नावाचं प्रचंड तेलवाहू जहाज, जखमी होऊन जागीच थांबलेलं. डॅस्पिटने निवांत जागा घेतली, अगदी काटकोनात, आणि एकेक टॉर्पेडो सोडत गेला. आपटल्याचा आवाज येतोय, स्फोट नाही. एकूण 11 टॉर्पेडो असे वाया गेले. त्याने शेवटचा एक डागलाच नाही, तपासायला परत आणला.

मग हवाईजवळच्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो डागून पाहिले. न फुटलेला एक, पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी वर काढला. नंतर क्रेनने 90 फुटांवरून लोखंडी पत्र्यावर टाकून पाहिले. सरळ आपटले की दहातले सात फुसके, तिरके आपटले की बरेच फुटायचे. आघात करणारी पिन जुन्या, संथ टॉर्पेडोंच्या काळातली. 46 नॉटने सरळ आदळलं की ती धक्क्यानेच अडकायची. ज्याचा नेम सर्वांत अचूक, त्याचाच टॉर्पेडो हमखास वाया! पिन हलक्या ॲल्युमिनियमची केली आणि सप्टेंबरपासून टॉर्पेडो फुटू लागले. एकवीस महिने गेले होते. पुढच्याच वर्षी याच वर्गाच्या कव्हालाने शोकाकू ही जपानची विमानवाहू नौका बुडवली. या वर्गाच्या 20 पाणबुड्या युद्धातून परत आल्या नाहीत, तेही लक्षात ठेव.

आता माझं. एका साखर कारखान्यातून आमचे व्हॉल्व्ह परत यायचे, स्पिंडल, म्हणजे फिरवायचा दांडा, घट्ट अडकलेले. मी टेस्ट बेंचवर लावले की मऊ फिरायचे. लिहिलं, ऑपरेटरची चूक. दुसऱ्या हंगामात तिथला फिटर वैतागून म्हणाला, "साहेब, एक दिवस येऊन उभे तर राहा." गेलो. आमच्या बेंचवर गार, स्वच्छ पाणी आणि तिथे कढत, चिकट रस. त्या फिटरला दंड झाला होता. मी माझा रिपोर्ट मागे घेतला, दंड मागे घेतला का ते विचारायची मला लाज वाटली.

तू सही करू नकोस असं मी सांगत नाही, नोकरी तुझी आहे. सही दोन दिवस लांबव. साईटवर फोन कर आणि बिघडलेला पंप धुऊन-पुसून पाठवू नका म्हणावं, आहे तसा, आतल्या गाळासकट पाठवा. जमलं तर तू स्वतःच जा, आणि साहेबांशी नव्हे, पंप चालवणाऱ्याशी आधी बोल. जाताना बाटली घेऊन जा, तिथलं पाणी भरून आण. रविवारी मी घरीच आहे, ती बाटली घेऊनच ये.

तुझा,
काका