रत्नागिरीत दोन एकर वरकस (हलकी, उताराची जमीन), वीस वर्षं पडीक. साग लावू, मिश्र बाग करू की जंगलच येऊ देऊ?

रोपवाटिकेत जाण्याआधी रानात फिरून जिवंत खुंट मोजा. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ यांचे खुंट चार-पाच पावलांवर भेटत असतील, तर जंगल तिथे आधीच आहे. मुळं जुनी आणि खोल असल्याने त्यांचे फुटवे कुठल्याही रोपाला मागे टाकतात. प्रत्येक खुंटावर जोमदार दोन-तीन फुटवे ठेवून बाकीचे कोयत्याने काढा. मग उरते राखण. कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, जानेवारीअखेर साफ हवी, शेळ्या बंद हव्यात. रानमोडी हे तण फुलायच्या आत, नोव्हेंबरातच मुळासकट उपटा. उन्हाळ्यात ती वाळून वणव्याला आयतं सरपण होते आणि पाच वर्षांची राखण एका दुपारी जाते.

सागाबद्दल मी जरा कडक आहे. २ × २ मीटरवर एकरी हजार रोपं बसतात, हा हिशेब ऐकून लोक हरखतात आणि पुढे विरळणीला, म्हणजे मधली झाडं काढायला, हात धजत नाही. मग सगळीच झाडं काठीसारखी राहतात. जांभ्यावर हातभरच माती असेल तर तो खुरटतोच. शिवाय त्या सुपाएवढ्या पानांवरून पावसाचे टपोरे थेंब पडतात. खालचा पाचोळा वणव्यात गेला असेल तर उतारावरची माती धुपते. खोल, निचऱ्याची जमीन असेल तर बांधाला लावा.

पैसा लवकर हवा तर मिश्र बाग. काजू सावलीत नुसता वाढतो, धरत नाही. म्हणून जिथे आधीच उघडं आहे तिथेच वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ या जातींची कलमं ७ × ७ मीटरवर लावा. विरळ सावलीत कोकम चालतं, पण कलमच घ्या; बियांच्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते फुलं आल्यावरच कळतं. मिरी फणसावर चढवा, ऐनावर नको, तो उन्हाळ्यात पानं गाळतो. वेल खोडाच्या उत्तरेला, फूटभर लांब लावा. बुडाशी पाणी साचलं तर मूळ कुजतं.

पक्षी, कीटक, माती यांसाठी राखलेलं रान सगळ्यांत सरस, मग मिश्र बाग, शेवटी साग. मात्र जेसीबीने खुंट उपटून लावलेल्या नुसत्या काजूला मिश्र बाग समजू नका.

आणि ऐन, किंजळ, साग स्वतःच्या जमिनीतले असले तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडीला परवानगी लागते. ठेकेदार हे आधी सांगत नाही.