अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये टोर्नेडोंनी एवढी माणसं मेली. इतकं प्रगत हवामान खातं असून आधी कळलं कसं नाही?

कळलं होतं. मी तेव्हा नॅशव्हिलला राहत होतो आणि शुक्रवारी, १० डिसेंबरला, दुपारपासून टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे अशा वादळांचा अंदाज देणारं सरकारी केंद्र, आदल्या दिवसापासूनच धोक्याचा पट्टा दाखवत होतं. शुक्रवारी दिवसा त्याने तो पाचपैकी चौथ्या पातळीवर नेला. डिसेंबरात ही पातळी क्वचितच दिसते.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ‘निसर्ग’ वादळ अलिबागला येणार हे आपल्याला आधीच माहीत होतं, मग यांना का नाही? यात थोडा शब्दांचा घोळ आहे. मराठी बातम्यांत दोन्हीला चक्रीवादळच म्हणतात. निसर्गसारखं वादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, समुद्रावर दिवसेंदिवस उपग्रहाला दिसत राहतं. टोर्नेडो हा एकाच ढगाखाली लोंबणारा भोवरा. त्या रात्री केंटकीतल्या मेफिल्ड गावावरून गेलेला राक्षससुद्धा दोन-अडीच किलोमीटरपेक्षा रुंद नव्हता. चुलीवर आधण ठेवलं की पाणी उकळणार हे कळतं, पण पहिला बुडबुडा पातेल्यात कुठून निघेल हे कोण सांगणार?

त्यात डिसेंबर. टोर्नेडो व्हायला ढोबळमानाने दोन गोष्टी लागतात: जमिनीलगत उबदार, दमट हवा आणि उंचीप्रमाणे वेग व दिशा बदलणारा वारा. हिवाळ्यात वाऱ्याची कमतरता नसते, उबेची असते. म्हणून हिवाळ्यात अंदाज करणाऱ्याची सगळी धाकधूक एकाच प्रश्नावर असते, मेक्सिकोच्या आखातावरचा दमटपणा किती वर येईल? दोन-तीन अंशांच्या फरकाने रात्र नुसत्या पावसावर निभावते किंवा गावं सपाट होतात. त्या दिवशी आम्ही डिसेंबरात अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होतो. तेव्हा ते सुखाचं वाटलं होतं.

दुसरी अडचण ढगांच्या मांडणीची. ढगांची एकसलग रांग झाली तर ते एकमेकांची हवा खातात, मग टोर्नेडो झाले तरी बहुधा लहान आणि अल्पायुषी. पण एखादा फिरता ढग, ज्याला सुपरसेल म्हणतात, रांगेपुढे एकटा सुटला तर त्याला अडवणारं कोणी नसतं. आर्कान्सात तसाच एक सुटला. त्याच्यातून आधी एक टोर्नेडो निघून विरला, मग दुसरा निघाला. हा दुसरा, मेफिल्डचा, जवळपास तीन तास जमिनीवर होता आणि सुमारे २६६ किलोमीटर गेला. वाऱ्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर. एकट्या त्याने ५७ माणसं मारली. ‘इथे जोरदार सुपरसेल होऊ शकतात’ असं संगणकावरचं हवामानाचं मॉडेल सांगू शकतं. त्यातला नेमका कोणता इतका वेळ जगेल, हे दुपारी छातीठोकपणे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

एकदा तो दिसायला लागला की मग काम रडारचं. रडारला फिरता वारा दिसतो, इतकंच काय उडालेला मलबाही दिसतो. मेफिल्डला टोर्नेडो पोचायच्या आधी ‘टोर्नेडो इमर्जन्सी’, म्हणजे सगळ्यात वरचा इशारा, जाहीर झाली होती. तरीही मेणबत्त्यांच्या कारखान्यात ९ माणसं गेली. ख्रिसमसची मागणी होती, रात्रपाळी चालू होती, शंभराहून जास्त लोक आत होते. इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिलला एका मोठ्या गोदामाची भिंत आणि छप्पर कोसळून ६ जण गेले. अशा लांबरुंद, खांब कमी असलेल्या इमारतीत वीस मिनिटं आधी कळून माणसाने जायचं कुठे? माझ्या मते तुमचा प्रश्न हवामान खात्यापेक्षा या इमारती बांधणाऱ्यांना जास्त लागू आहे.

आणि रात्र. अमेरिकेत रात्रीचा टोर्नेडो जीव घेण्याची शक्यता दिवसाच्या अडीचपट असते. अंधारात तो दिसत नाही, माणसं झोपलेली असतात. शिवाय टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांतले साधारण सात फोल ठरतात. इशारे कमी द्यावेत तर एखादा खरा निसटतो, जास्त द्यावेत तर लोक कूस बदलून झोपतात.

आमचा सायरन मध्यरात्रीनंतर वाजला. मुलीला उचलून आम्ही बाथटबमध्ये बसलो, डोक्यावर गादी, तिच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट. आमच्या भागात काही झालं नाही. सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचे काका भेटले, दूध आणायला निघाले होते. त्यांना सायरन ऐकूच आला नव्हता, आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता.