प्रश्न तुमचे : डेट्रॉइटमध्ये खोक्यांचा धंदा

प्रश्न : डेट्रॉइटजवळ वाहनांच्या सुट्या भागांसाठी कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याची) खोकी आणि लाकडी पॅलेट (माल रचायचे फळ्यांचे पाट) पुरवतो. माझा हिस्सा ६० टक्के, पण माझ्याकडे ग्रीन कार्डच आहे. उरलेला ४० टक्के नागरिक झालेल्या मराठी मित्राचा. 'मायनॉरिटी-ओन्ड' म्हणजे अल्पसंख्याकांच्या मालकीचा धंदा असल्याचं प्रमाणपत्र मिळेल का?

उत्तर : सध्याच्या वाटणीवर नाही. हे प्रमाणपत्र देणाऱ्या नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिलच्या नियमानुसार किमान ५१ टक्के मालकी अल्पसंख्याक गटातल्या अमेरिकी नागरिकांची लागते. भारतीय वंश चालतो, ग्रीन कार्ड चालत नाही. मित्राचा हिस्सा ५१ वर नेता येईल, पण मग कारभारही खरोखर त्याच्या हाती द्यावा लागेल. कौन्सिलची माणसं प्रत्यक्ष भेटीत दर कोण ठरवतं, माणसं कोण नेमतं, चेकवर सही कोणाची, हे सगळं पाहतात. तेवढा विश्वास नसेल तर तुम्ही नागरिक होईपर्यंत थांबलेलं बरं. प्रमाणपत्र नाही म्हणून धंदा अडत नाही.

प्रश्न : ३२ ईसीटीची (ईसीटी म्हणजे पुठ्ठ्याची कड किती दाब सोसते त्याचं माप) १६×१२×१२ इंची खोकी. भरलेलं एक ३० पौंडांचं. सहा थर लावले की सगळ्यात खालचं चेपतं. कागद हलका आला का?

उत्तर : कागदवाल्याशी भांडण्याआधी खोकं किती भार पेलेल याचा हिशेब करा. ५.८७ × ईसीटी × (घेर × जाडी) चं वर्गमूळ. घेर ५६ इंच, सी-फ्लूटची (पुठ्ठ्यातल्या नाळ्यांचा एक आकार) जाडी साधारण ०.१६ इंच, उत्तर येतं सुमारे ५६० पौंड. हा आकडा प्रयोगशाळेतल्या कोऱ्या, कोरड्या खोक्याचा. दमट गोदामात महिनोन्महिने ठेवायचं तर त्याचा पाचवा भाग धरा, म्हणजे ११२. तुमच्या तळाच्या खोक्यावर १५० पौंड आहेत! चार थरांवर थांबा, नाहीतर ४४ ईसीटी घ्या.

आणखी एक. भार कोपरे पेलतात. ४८×४० इंची पॅलेटवर, १६ इंची बाजू ४८ च्या बाजूला धरून, तीन-तीनच्या दोन रांगा आणि आडव्या चारांची एक, अशी दहा खोकी चपखल बसतात. प्रत्येक थर असाच लावा. विटांसारखा फिरवून लावला की कोपऱ्यावर कोपरा येत नाही आणि ताकद तिथेच जाते. ढीग हलू नये म्हणून प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा. भरून फुगलेलं खोकं पॅलेटबाहेर येत असेल तर दहाचा हट्ट सोडून नऊच ठेवा.

प्रश्न : माल देशाबाहेर पाठवताना पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा (लाकूड तापवून कीड मारल्याचा) शिक्का लागतो का?

उत्तर : नदीपलीकडे कॅनडात जाणाऱ्या अमेरिकी लाकडाला लागत नाही. मेक्सिकोला लागतो : लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्का मारलेल्या पॅलेटची फळी बदलताना साधी फळी ठोकू नका, अख्खं पॅलेट बाद ठरतं.