लॅपटॉप आत्ता घ्यावा की नवीन मॉडेल येऊन किमती उतरेपर्यंत थांबावं?

तुमच्या प्रश्नातलं "एवढे महिने थांबलोच आहे तर अजून थोडं थांबू का" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर कॉम्प्युटरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला इथे पुष्कळ हुशार मंडळी आहेत. तुमचं बजेट साठ-पासष्ट हजार, विंडोजच पाहिजे, जुना लॅपटॉप चार्जर काढला की बंद पडतो, आणि इंटेलच्या नवीन पँथर लेक चिपचे लॅपटॉप बाजारात आले की आधीचे मॉडेल स्वस्त होतील असं यूट्यूबवर ऐकलंय. घेऊन टाका (नुसत्या बॅटरीचाच प्रश्न असेल तर त्याचं शेवटी सांगते). हे झालं उत्तर. आता एवढ्या ठामपणे का सांगते ते ऐका, थोडं लांबेल.

मी सांगलीत लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात, मी शीटा लावते, कस्टमरचा ओके आला की कोल्हापूरच्या लॅबला छापायला जातात. करिझ्मा अल्बमची १२ बाय ३६ इंचांची एक शीट म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल, त्यात फोटो, मास्क, फुलापानांचे पीएनजी धरून पन्नासेक लेयर (एकावर एक थर) सहज. हे सगळं मी एका जुन्या डेस्कटॉपवर करायचे, आय-थ्री, चार जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. सेव्ह दिलं की मी उठून कुकर लावून यायचे, परत आले तरी पट्टी निम्म्यावरच. आणि सीझनमध्ये तर सारखा तो मेसेज, स्क्रॅच डिस्क फुल, म्हणजे फोटोशॉपला तात्पुरतं काम ठेवायला डिस्कवर जागाच नाही. म्हणजे मग बाकी सगळं बंद करा, टेम्प फाइली उडवा, फोटोशॉप परत चालू करा, आणि तोवर नवरीचा मामा फोनवर विचारतोय अल्बम कधी देताय.

तर २०२२ च्या सुरुवातीला मी ठरवलं की एप्रिल-मेची लग्नसराई यायच्या आत मशीन बदलायचं. दोन फोटोग्राफर ॲपलच्या एम-वन चिपच्या मॅकबुकवर काम करत होते, त्यांच्याकडे बसून माझ्याच फाइली उघडून बघितल्या आणि मॅकबुक एअर एम-वन घ्यायचं पक्कं केलं. भारतातली किंमत ९२,९००. आमच्या घरात एवढ्या रकमेची माझ्या कामासाठी लागणारी वस्तू कधी आली नव्हती, त्यामुळे विषय थेट हिंजवडीला गेला, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांकडे. ते आयटीत. ते काय म्हणतील तो आमच्या घरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल.

भावोजी म्हणाले, "वहिनी, आत्ता घेणं म्हणजे वेडेपणा आहे. मार्चच्या इव्हेंटला एम-टू येतोय. आयमॅकसारखे रंग येणारेत, स्क्रीनला पांढरी बॉर्डर येणारे, सगळं लीक झालंय. नवीन आला की हाच एम-वन सत्तरला पडेल."

मी म्हटलं, आणि नाही आला तर? तर म्हणे लीक करणाऱ्या माणसाचं ट्रॅक रेकॉर्ड चांगलं आहे. आमचे हे लगेच, "तो त्यातला आहे, त्याला जास्त कळतं."

मी फेब्रुवारीत कोल्हापूरला जाऊन घेऊन आले. कार्डावर कॅशबॅक होता, बाकीचे हप्ते बांधले. भावोजी आठवडाभर ग्रुपवर हसण्याचे इमोजी टाकत होते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना बघता येतं. ८ मार्चच्या इव्हेंटला मॅक स्टुडिओ आला, आयफोन एसई आला, एम-टूचा एअर नाही. तो आला ६ जूनला, दुकानात मिळायला लागला १५ जुलैला. किंमत १,१९,९००. आयमॅकसारखे भडक रंग नाहीत, पांढरी बॉर्डर नाही, उलट स्क्रीनच्या वर कॅमेऱ्यासाठी काळी खाच, म्हणजे नॉच. आणि खरी गंमत म्हणजे ज्या एम-वनची किंमत सत्तर होणार होती तो त्याच दिवशी भारतात ९२,९०० वरून ९९,९०० झाला. अमेरिकेत तो ९९९ डॉलरच राहिला, इथे रुपया घसरला होता. नवीन आल्यावर जुना महाग झाला! लीकवाल्यांपैकी कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण त्यांना चिप माहीत असते, डिझाइन माहीत असतं, पण इथली किंमत शेवटच्या दिवशीच कळते आणि त्यात डॉलरचा भाव आणि १८ टक्के जीएसटी बसलेला असतो. अंदाज ऐकायचेच असतील तर तारखेचे आणि चिपचे ऐका, किमतीचे अजिबात ऐकू नका.

तोवर माझे सीझनचे सगळे अल्बम जाऊन पैसे पण आले होते.

भावोजी मात्र थांबले. कारण एम-टूच्या २५६ जीबीवाल्यात एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, आधीपेक्षा हळू निघाली (ही गोष्ट खरी आहे, दोन चिपांऐवजी एकच टाकली होती), म्हणून मग एम-थ्री. एम-थ्रीचा एअर मार्च २०२४ ला आला १,१४,९०० ला, तर त्यात पण आठच जीबी रॅम, म्हणून मग एम-फोर. एम-फोर मार्च २०२५ ला आला, १६ जीबी, ९९,९०० ला. तो त्यांनी घेतला. आणि त्या दिवाळीला पाडव्याच्या फराळाला सगळे जमलेले असताना चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "बघा वहिनी, तुम्ही ९३ हजाराला आठ जीबी घेतलं, मी सात हजार जास्त देऊन सोळा जीबी आणि तीन पिढ्या पुढची चिप घेतली. थांबण्याचा फायदा असा असतो." सगळे हसले, सासूबाई पण.

कागदावर त्यांचं बरोबर आहे. एम-वनला सोळा जीबी करून घ्यायला तेव्हा वेगळे २०,००० पडायचे. पण अहो, तुम्ही तीन वर्षं थांबलात ते कशावर? कंपनीच्या लॅपटॉपवर! कंपनी लॅपटॉप देणार, बिघडला तर आयटीवाला येऊन बदलून देणार, आणि तुम्ही घरी बसून बेंचमार्कचे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांचे, व्हिडिओ बघणार. तुम्हाला थांबायला एक रुपया लागला नाही. मी थांबले असते तर तीन लग्नसराया त्या आय-थ्रीवर काढल्या असत्या, नाहीतर निम्मं काम दुसऱ्या डिझाइनरकडे गेलं असतं, आणि फोटोग्राफर एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही. "थांबा" म्हणणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हा विचारायचा की तुम्ही स्वतः सध्या कशावर काम करताय.

आता तुमच्याकडे येते. पँथर लेक जानेवारी २०२६ ला लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात आला, कोअर अल्ट्रा सिरीज थ्री नावाने. चिप चांगलीच असेल, पण नवीन चिप नेहमी आधी महागड्या मॉडेलात येते, साठ हजारात उतरायला वेळ लागतो. तुमच्या बजेटात कंपन्या काय करतात तर जुन्याच चिपला नवीन नाव देतात. एएमडी कंपनीच्या रायझन फाइव्ह ७५२०यू आणि ७५३०यू या चिप शेजारी शेजारी ठेवलेले असतात, वाटतं दहाचाच फरक, पण पहिल्यात चार कोअर (चिपमधले काम करणारे भाग), ते पण झेन-टू म्हणजे २०१९ च्या पिढीचे, आणि दुसऱ्यात सहा कोअर, त्याच्या पुढच्या झेन-थ्री पिढीचे. शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डावरच सोल्डर असते, पुढे वाढवता येत नाही. इंटेलचं पण तसंच, कोअर फाइव्ह १२०यू नाव नवीन, आतली पिढी जुनीच, रॅप्टर लेक. जुनी चिप वाईट असते असं नाही, पण नवीन म्हणून जास्त पैसे देऊ नका.

किमती उतरतील का? मला तरी उलटं दिसतंय. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते आणि तिघांनी आपली क्षमता एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या मेमरीकडे वळवली, त्यात नफा जास्त. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले ते त्यामुळे. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने आपला क्रूशियल हा सामान्य गिऱ्हाइकाचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं, आपल्याकडे रॅम वाढवायची म्हटलं की निम्मे लोक तीच पट्टी टाकायचे. एसएसडीचे भाव पण त्याच वाटेवर. वर त्याच डिसेंबरात डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला. चिप, रॅम, एसएसडी सगळं डॉलरमध्ये येतं, मग उतरणार कुठून.

त्यामुळे "आठ जीबीचा घेऊ, पुढे वाढवू" हा आपला सगळ्यांचा जुना हिशेब यंदा बसत नाही. पहिल्यापासून १६ जीबी घ्या, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आला तरी चालेल. रॅमची एक जागा (स्लॉट) रिकामी असेल तर उत्तमच.

जीएसटीची पण आशा धरू नका. सप्टेंबर २०२५ ला दर बदलले तेव्हा आमच्या शेजारच्या मोबाईलच्या दुकानात लोक लॅपटॉप स्वस्त झाला का विचारायला यायचे. मोठे टीव्ही, एसी २८ वरून १८ वर आले, लॅपटॉप आधीच १८ वर होता, तिथेच राहिला.

हां, दुसरी बाजू पण सांगते. भीती दाखवून माल खपवणारे पण असतात. ऑगस्ट २०२३ ला सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं जाहीर केलं, तर इथल्या एका दुकानदाराने दोन दिवसात "आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात मिळणार नाही" म्हणून पडून असलेला माल चढ्या भावाने काढला. सरकारने ते लगेच पुढे ढकललं आणि नंतर नुसती ऑनलाइन नोंदणीसारखी व्यवस्था आणली, कुठेही तुटवडा झाला नाही. म्हणून रॅम महाग झाली म्हणून कुणी अंगावर आला तर दोन-तीन ठिकाणी त्याच मॉडेल नंबरचा, पूर्ण नंबरचा, भाव विचारा. सेलमध्ये पण खोडलेली किंमत बघू नका, महिनाभर आधी तो लॅपटॉप केवढ्याला होता ते बघा.

आणि थांबण्यात फायदा कधीच नसतो असं मी म्हणत नाहीये. ऑक्टोबर २०२४ ला एम-टू आणि एम-थ्रीचे एअर त्याच किमतीत आठचे सोळा जीबी झाले, त्याच्या आदल्या आठवड्यात ज्यांनी घेतला त्यांना वाईट वाटलंच असणार. लाँच दोन-तीन आठवड्यांवर असेल, तारीख कंपनीने स्वतः जाहीर केली असेल आणि तुमचं काम अडलं नसेल तर खुशाल थांबा. गेमिंगवाल्यांचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या प्रश्नात गेमिंगचा उल्लेख नाही म्हणून त्यात जात नाही.

(आमच्या धाकट्या जावेला आता शिकवण्यांसाठी लॅपटॉप हवाय. भावोजी तिला म्हणतायत पुढचा एअर येऊ दे. मी तिला कोल्हापूरच्या दुकानाचा नंबर दिलाय.)

तुमचा जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत असेल आणि तक्रार फक्त बॅटरीची असेल तर आधी नवीन बॅटरीचा भाव काढा, काही हजारात वर्षभर निघेल. विंडोज १० वरच अडकला असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. नवीन घेताना दुकानातच चालू करून बघा, टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, रॅम किती, तिचा वेग किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि धंद्यासाठी घेत असाल तर स्वतःचा जीएसटी नंबर टाकायला सांगा, नंतर बदलून द्यायला दुकानवाले फार फिरवतात.