मीच कर्ण आहे असं वाटतं, ताई

मागच्या अंकात एका मुलीच्या पत्राला उत्तर दिलं होतं, मालिकेतल्या आईत तिला स्वतःची आई दिसायची. त्यानंतर त्याच विषयावर पत्रं येतच राहिली. चार इथे घेतेय. नावं कुणाचीच नाहीत, फक्त नाशिकचा भाग तेवढा.

प्रश्न (सिडको): ताई, मी २४ वर्षांचा आहे, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. अकरावीत सावाना वाचनालयातून ‘मृत्युंजय’ आणलं आणि त्यानंतर चार वेळा वाचलं. मला खरंच वाटतं मी कर्णच आहे, म्हणजे माझी गोष्ट तीच आहे. पप्पा रिक्षा चालवतात. डिप्लोमाला कॉलेजात पहिला आलो, कामात कधी खोट नाही, तरी प्रमोशन साहेबांच्या ओळखीतल्या पोराला मिळालं, मला तेव्हा स्वयंवरच आठवलं, सगळ्यांसमोर सूतपुत्र म्हणून बाजूला काढलं ते. डीपी कर्णाचा, गाडीच्या मागे ‘सूर्यपुत्र’ लिहिलंय. गर्लफ्रेंड म्हणते तू भांडतानासुद्धा डायलॉग मारतोस, मी कुणाशी बोलतेय तेच मला कळत नाही. मागच्या महिन्यात पप्पा गेटवर डबा द्यायला आले, सोबत मित्र होते, मी म्हटलं ओळखीचे रिक्षावाले आहेत. तेव्हापासून रात्री झोप नाही. मी चुकतोय का?

उत्तर: झोप लागत नाही म्हणालास ना, तिथूनच सुरू करू, कारण बाकीचं पत्र कर्णानं लिहिल्यासारखं आहे आणि ते एक वाक्य तुझं आहे.

आधी हे सांगते की कर्ण मनाला लागणं यात काहीच वावगं नाहीये. ‘मृत्युंजय’ १९६७ साली आलं, आणि तेव्हापासून मराठी घरांतली कितीतरी पोरं ते वाचून आठवडाभर कुणाशी धड बोललेली नाहीत, मी स्वतः बारावीच्या सुट्टीत वाचलं होतं आणि आई जेवायला हाक मारायची तर राग यायचा. याचं एक कारण पुस्तकाच्या बांधणीतच आहे. शिवाजी सावंतांनी कर्णाला ‘तो’ म्हणून सांगितलं नाही, कर्ण स्वतः ‘मी’ म्हणून बोलतो. एवढं जाडजूड पुस्तकभर आपण मनातल्या मनात दुसऱ्याचा ‘मी’ म्हणत राहतो, मग तो मी कधी आपला होऊन जातो ते कळत पण नाही. जोनाथन कोहेन नावाच्या अभ्यासकानं २००१ मध्ये यावर लिहिलंय, त्याचं म्हणणं असं की एखादं पात्र आवडणं वेगळं, ते आपल्यासारखं वाटणं वेगळं आणि त्याच्याशी एकरूप होणं आणखी वेगळं. एकरूप होतो तेव्हा आपण स्वतःला विसरतो, त्याच्या नजरेनं बघतो, त्याला जे हवंय तेच आपल्यालाही हवं असतं. पण हे सगळं तेवढ्यापुरतं असतं, पुस्तक मिटलं की माणूस घरी परत येतो. तू अजून पूर्ण परत आलेला नाहीस एवढंच.

आता मला एक सांग, त्या पुस्तकात ‘मी’ म्हणून बोलणारा कर्ण एकटाच आहे का? कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, वृषाली बोलते, शोण बोलतो, शेवटी कृष्ण बोलतो. तू चार वेळा वाचलंस पण मला शंका आहे की ते भाग तू भराभर उलटलेस, पुढे कर्ण कधी येतो बघत. पाचव्यांदा वाचशील तेव्हा वृषाली आणि शोण हे दोघे आधी वाच. अशा माणसाच्या शेजारी राहणं कसं असतं, बायकोला काय दिसतं, धाकट्या भावाला काय दिसतं, ते तिथे आहे. तुझी मैत्रीण जे म्हणतेय ना, ते तुला तिच्या तोंडून ऐकू येत नाहीये, कदाचित वृषालीच्या तोंडून येईल.

आणि खुद्द महाभारतातला एक प्रसंग, उद्योगपर्वातला. हा मात्र नीट वाच, कारण मला तुझ्या पत्राचं उत्तर तिथेच दिसतंय. युद्ध ठरल्यातच जमा आहे, कृष्ण कर्णाला रथात बसवून बाजूला नेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला, चल, राज्य तुझं, पाची पांडव तुझे पाय धरतील. म्हणजे जे आयुष्यभर हवं होतं ते सगळं समोर आलं, आणि कर्ण नाही म्हणतो. दुर्योधनाचं मीठ खाल्लं हे कारण आपल्या सगळ्यांना पाठ असतं, पण त्याआधी तो राधेबद्दल बोलतो, त्याला वाढवणाऱ्या आईबद्दल. म्हणतो, माझ्यावरच्या मायेनं तिला पान्हा फुटला, तिनं माझं हगणं-मुतणं काढलं, तिला पिंड द्यायचं मी कसं सोडू? अधिरथ मला मुलगा समजतो आणि मी त्याला बाप. अख्ख्या पृथ्वीचं राज्य मिळत असताना तो सारथ्याचा मुलगा राहिला, आणि तू डबा घेऊन आलेल्या बापाला ओळखीचा रिक्षावाला म्हणालास. तुला झोप लागत नाही ती यामुळे, आणि झोप लागत नाही हे मला चांगलंच लक्षण वाटतं. त्याच बोलण्यात कर्ण हेही म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो त्याचा आता मला त्रास होतोय. म्हणजे लागेल असं बोलणं आणि मग पस्तावणं हेही कर्णाचंच आहे, ते पण उचल की.

प्रमोशनचं म्हणशील तर अन्याय झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण स्वयंवराशी जोडलंस की तो नशिबाचा भोग होऊन बसतो आणि मग माणूस काही करत नाही, नुसता सोसत राहतो. निवडीचे निकष काय होते ते लेखी विचार. उत्तर पटलं नाही तर सातपूर आहे, सिन्नर आहे, क्वालिटीच्या माणसाला काम मिळतं. आणि पप्पांजवळ मोठं भाषण करू नकोस, डायलॉग तर अजिबात नको. पुढच्या वेळी डबा आला की गेटबाहेर जा, मित्र सोबत असतील तेव्हाच जा, आणि म्हण, हे माझे पप्पा.

प्रश्न (इंदिरानगर): माझी मुलगी दहावीत आहे. कोरियन बँडचं वेड, बीटीएस. खोलीभर त्यांचे फोटो, ते सैन्यात गेले तेव्हा दोन दिवस जेवली नाही. ‘आरएम मला समजून घेतो, तुम्ही नाही’ असं त्यांच्यातल्या एकाचं नाव घेऊन तोंडावर म्हणते. तो कुठे, आपण कुठे, त्याला हिचं नाव तरी माहितीये का? आमचे हे म्हणतात सगळे फोटो काढून टाकू. काय करू?

उत्तर: फोटो काढू नका. दहावीच्या वर्षात मुलीच्या भिंतीला हात लावलात तर ती उरलंसुरलं बोलणंही बंद करेल.

तिचं जे आहे ते वरच्या मुलापेक्षा जरा वेगळं आहे. तो स्वतः कर्ण झालाय, तुमची मुलगी मात्र तीच आहे, तिला समोर एक जिवलग दिसतोय. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघांनी अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरच्या निवेदकांबद्दल हे पहिल्यांदा मांडलं होतं, की तो माणूस कॅमेऱ्यात बघून असा बोलतो जसं काही फक्त आपल्याशीच बोलतोय, रोज त्याच वेळेला येतो, त्याच्या सवयी आपल्याला माहीत होतात, आणि एकतर्फी का होईना ओळख जमते. तेव्हा तो ठरल्या वेळेलाच यायचा, आता तो माणूस रात्री अकराला उशीजवळच्या मोबाईलमधून बोलतो. त्यामुळे तिला वाटणारी माया खोटी नाहीये, ती फक्त एका बाजूनं आहे, आणि दहावीतल्या मुलीला हे कळत नसतं असं समजू नका, तिला कळतं. सैन्याचंही सांगते, तिकडे मुलांना सक्तीची सेवा असते. सगळ्यात मोठा जिन डिसेंबर २०२२ मध्ये गेला आणि सातही जण जून २०२५ पर्यंत मोकळे झाले, म्हणजे ते रडणं मागे पडलंय.

काळजी कधी करायची? फॅन लोकांवर मॅककचन वगैरे मंडळींचा २००२ चा अभ्यास आहे, त्यात साधारण तीन पायऱ्या सापडतात. पहिलीवर करमणूक आणि मैत्रिणींशी गप्पा, बहुतेक फॅन इथेच असतात. दुसरीवर डोक्यात सारखा तोच विचार, आपलं त्याच्याशी काहीतरी खास नातं आहे असं वाटणं. तिसरीवर त्यानं सांगितलं तर बेकायदा गोष्टसुद्धा करेन इथपर्यंत. तुमची मुलगी मला पहिली-दुसरीच्या मध्ये वाटते. मैत्रिणी तुटल्या, झोप गेली, घरातून पैसे जायला लागले किंवा पुन्हा जेवण सोडलं तर वाट न बघता समुपदेशकाकडे न्या.

तोवर एक करा, आरएमचं सप्टेंबर २०१८ चं संयुक्त राष्ट्रांमधलं भाषण आहे, छोटंसंच, तिच्यासोबत बसून ऐका. त्यात तो म्हणतो की नऊ-दहा वर्षांचा असताना मी स्वतःकडे लोकांच्या नजरेनं बघायला लागलो आणि माझा आवाजच गेला. ते झालं की फोन बाजूला ठेवा आणि विचारा, बाळा, तुला असं कधीपासून वाटायला लागलं? आणि मग गप्प बसा. ‘तुम्ही समजून घेत नाही’ म्हणाली ना, काय समजून घेत नाही ते तिनं अजून तुम्हाला सांगितलेलंच नाहीये.

प्रश्न (नाशिकरोड): मी सावळी आहे, लहानपणापासून ऐकलंय. आजी एकदा म्हणाली तू स्मिता पाटीलसारखी दिसतेस, तेव्हापासून तिचे जमतील तेवढे सिनेमे बघितले, केस तसे, कुंकू तसं. मैत्रिणी म्हणतात तू दुसऱ्याचं आयुष्य जगतेस. खरंय का?

उत्तर: नाही गं. तुला आरशात बघायला आवडायला लागलं ना, मग आजीनं फार मोठं काम केलं. स्मिता आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायची, मग सिनेमात आली, दोन राष्ट्रीय पुरस्कार घेतले आणि १९८६ मध्ये ३१ व्या वर्षी गेली. म्हणजे तुला दिसतात त्या सिनेमांमागे दहा-बारा वर्षांची नुसती मेहनत आहे. कुंकू राहू दे. त्यासोबत तिनं कामात कसा जीव ओतला तेही घे, मग ते काम तुझं कुठलंही असो, आणि मैत्रिणींना एक सिनेमा घरी बोलावून दाखव.

प्रश्न (गंगापूर रोड): माझं वय ६१. रोज एक मालिका बघते, त्यातली सून अगदी मी आहे असं वाटतं, माझ्या सासूबाईंनी मला असंच छळलं होतं. परवा एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्यातली सासू करणारी बाई आली होती. मी गर्दीतून पुढे गेले आणि सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले. ती हात जोडून नुसती उभी राहिली. घरी आल्यापासून मला लाज वाटतेय.

उत्तर: काकू, तुम्ही बोललात ते त्या बाईला नव्हतंच. चाळीस वर्षांपूर्वी जे बोलायचं राहिलं ते त्या दिवशी बाहेर पडलं, आणि समोर ती होती.

हे आपल्याकडे जुनं आहे. १९८७ ला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा टीव्हीला हार घालणारे लोक होते, राम झालेल्या नटाच्या पाया पडणारे होते, आणि आपली पंचवटी तर आधीच त्यात बुडालेली, सीतागुंफेत वाकून उतरताना आजही बायकांचे डोळे भरून येतात. उलट बाजूनं निळू फुल्यांचं बघा. पडद्यावर इतकी वाईट माणसं केली की गावोगावच्या बायका त्यांना बघून शिव्या द्यायच्या, आणि प्रत्यक्षात तो राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा साधा माणूस. ते तो राग कामाची पावती समजायचे. तुमची ती अभिनेत्रीही हात जोडून उभी राहिली, म्हणजे तिला हे ओळखीचं असणार, पण अपमान तो अपमानच, कुणालाही बोचतो.

म्हणून तिला एक पत्र लिहा, हातानं, चार ओळी. माफ कर, तुझं काम इतकं खरं आहे की मला माझ्या घरचं माणूस दिसलं, एवढंच. चॅनलच्या पत्त्यावर तिच्या नावानं पाठवा. आणि सासूबाईंचं जे आहे ते लेकीला किंवा बहिणीला निवांत बसवून एकदा सगळं सांगा. पहिल्या दिवसापासून सांगा, गाळू नका काही. कुणीच ऐकणारं नसेल तर मला लिहा, कितीही पानं झाली तरी मी वाचेन.