छिंगमिंगला पहिल्यांदा सासरी जाताना

अगं, छिंगमिंग म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करून त्यांना पुजायचा चिनी सण, बहुधा ४ किंवा ५ एप्रिलला येतो. हाँगकाँगमध्ये त्या दिवशी सुट्टी आणि टेकड्यांवरच्या दफनभूमीत तोबा गर्दी, म्हणून पहाटेच निघा. आधी तण उपटायचं, दगड धुवायचा, पुसट झालेल्या अक्षरांवर लाल रंग फिरवायचा. हे मन लावून कर. माझ्यासाठी खरी पूजा तीच. सासूबाई गप्प राहून सगळं बघत असतात. मग फळं, चहा, दारू, कुणाकडे अख्खं भाजलेलं डुक्करसुद्धा. उदबत्त्या लावून वाकायचं, शेवटी पितरांसाठीच्या खोट्या कागदी नोटा जाळायच्या. वारा असेल तर फार जप, या दिवसांत डोंगरावर वणवे पेटतात. निखारे पूर्ण विझवूनच निघ. नैवेद्य नंतर सगळे वाटून खातात. तूही खा, संकोचू नकोस.