पहिलं पिस्तूल घेण्याआधी

बाळा, अनेक आशीर्वाद.

पहिलं पिस्तूल म्हणून ग्लॉक १९ घेऊ, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी की सिगचं पी३६५, असं तू विचारलंस. पी३६५ तूर्त बाजूला ठेव. उरलेल्या दोघांत तुझा हात काय म्हणतो ते बघू, आणि यादीत वॉल्थरच्या पीडीपीचं एक नाव मी घालतो.

ग्रीन कार्ड हाती आल्यावर विचारलंस, हे फार बरं केलंस. नोकरीच्या एच-१बी किंवा शिक्षणाच्या एफ-१ व्हिसावर असणाऱ्यांना इथे अमेरिकेत संघराज्याचा कायदा बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई करतो. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. आपल्या बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं आणि ती मित्रांबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेतात. तुझ्याकडे राहणारा मावसभाऊ अजून एफ-१ वर आहे ना? मग त्याला रेंजवर आणू नकोस, आणि तिजोरीची चावी किंवा आकडा त्याला कळता कामा नये.

आता पी३६५ का नको ते सांगतो. पिस्तूल उत्तम आहे. २०१८ साली ते आलं तेव्हा एवढ्याशा आकारात १० गोळ्या मावतात याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. पण वजन रिकाम्या मॅगझिनसकट (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीसकट) जेमतेम पाचशे ग्रॅम. पर्समध्ये मावतं म्हणून काउंटरवर बायकांच्या हातात हटकून असलंच छोटं पिस्तूल ठेवतात, आणि हे मला मनापासून खटकतं. गोळी तीच नाइन एमएमची, पण धक्का सोसायला वजन कमी आणि धरायला जागाही कमी. थोड्याच वेळात तळहात हुळहुळायला लागतो. मग बार उडण्याआधीच मनगट खाली झुकतं, डोळे मिटतात आणि गोळ्या नेमाच्या खाली लागतात. ही खोड एकदा जडली की सुटायला फार वेळ लागतो. छोटं पिस्तूल दुसरं म्हणून घे, हात बसल्यावर.

ग्लॉक १९ हे १९८८ चं. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने जे ग्लॉक १७ स्वीकारलं, त्याचीच ही आटोपशीर आवृत्ती: १५ गोळ्या, चार इंचांचं बॅरल म्हणजे नळी, वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. मॅगझिन, होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान), सुटे भाग कुठेही मिळतात. सांगाडा प्लास्टिकचा म्हणून नाक मुरडू नकोस. स्लाइड, म्हणजे वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, आणि बॅरल पोलादीच असतं. एम अँड पी २.० सोबत मुठीच्या मागे बसवायचे चार मापांचे तुकडे येतात, म्हणून लहान हाताला ते जास्त जुळवून घेतं. मात्र त्याची मूठ खरखरीत आहे, काहींना ती टोचते. पीडीपीची एफ-मालिका २०२२ मध्ये खास बायकांच्या हाताचा विचार करून काढली: ट्रिगर बोटाच्या जवळ, स्लाइड ओढायला हलकी.

सिगच्याच पी३२० चं नाव कुणीतरी सुचवेल. अमेरिकन सैन्याने २०१७ मध्ये त्यावर बेतलेलं एम१७ निवडलं, हे खरं आहे. त्याच वर्षी, पिस्तूल पडल्यावर बार उडू शकतो असं दिसल्यामुळे कंपनीने दुरुस्ती देऊ केली. ट्रिगर न ओढता बार उडाल्याचे दावे पुढेही कोर्टात गेले. कंपनी ते नाकारते. निकाल काहीही लागो, पहिल्याच पिस्तुलाबद्दल मनात धाकधूक नको.

दुकानात निवड अशी कर. दुकानदाराला पिस्तूल रिकामं करून दाखवायला सांग, मग स्वतः तपास. मूठ शक्य तितकी वरून धर, बॅरल आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत ठेव. आता पहिल्या बोटाचं पेर ट्रिगरवर सहज टेकतं का? मनगट वळवावं लागलं किंवा नुसतं टोकच पोचलं, तर ते पिस्तूल तुझं नव्हे, मग नाव कितीही मोठं असो.

रिकामं करण्याचा क्रम आत्ताच डोक्यात बसव. आधी मॅगझिन काढ, मगच स्लाइड ओढ. उलटं केलंस तर चेंबरमधली, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला बार उडायला तयार बसलेली, गोळी बाहेर पडेल, पण स्लाइड परत जाताना मॅगझिनमधली दुसरी आत ढकलेल, आणि मॅगझिन हातात आहे म्हणून तू ते रिकामं समजशील. नंतर चेंबरमध्ये डोळ्यांनी बघ, करंगळी घालूनही बघ. ग्लॉक सफाईसाठी उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो, म्हणून तिथे हे दुप्पट महत्त्वाचं.

सगळे पैसे पिस्तुलावर घालवू नकोस. छोटी तिजोरी, पिस्तूल शिकवणारा एक चांगला वर्ग आणि सरावाच्या गोळ्या यांच्यासाठी काही राखून ठेव. आणि एक गोष्ट अवघड असली तरी लिहितो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कुणी खचलेलं असेल, किंवा तू स्वतः खचली असशील, तर कारण न सांगता पिस्तूल माझ्याकडे आणून दे. अपरात्री आलीस तरी चालेल.

रेंजची पिशवी प्रवासाला कधीही वापरू नकोस. कप्प्यात विसरलेली एक जिवंत गोळी मुंबई विमानतळावर सापडली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि विसरले होते हे पटवून देण्यात अख्खी सुट्टी जाते.

शनिवारी सकाळी ये. तिन्ही पिस्तुलं रेंजवर भाड्याने मिळतात, एकेक मॅगझिन झाडून बघू. बंद गळ्याचा शर्ट घाल. तापलेली पुंगळी उडून गळ्यात पडली तर भाजते, आणि दचकून हात वळला की बॅरलही वळतं. कानाला लावायचं माझ्याकडे आहे, चष्मा तुझा आण.

तुझा,
काका